फळणं वेगळं, पोसणं वेगळं

मक्याचं एखादं अर्धवट भरलेलं कणीस सोला आणि रिकामी जागा नेमकी कुठं आहे ते पाहा. दाणे मध्येच, इथं दोन तिथं चार असे गायब असतील आणि त्या जागी काहीच नसेल, तर तिथलं बीजांड (ज्याचं पुढं बी होतं ते) फळलेलंच नाही. शेंड्याकडं बारीक, पांढुरके, सुरकुतलेले दाणे ओळीनं बसलेले असतील, तर ते फळले होते, पण झाडाला ते पोसता आले नाहीत. हे दोन दोष एकाच कणसात शेजारी शेजारी सापडतात. त्यांची कारणं वेगळी, वेळ वेगळी आणि उपायही वेगळे. तरीही फूल गळालं, शेंग कमी धरली, फळ वाकडं झालं की मराठवाड्यात पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच निघतो: ‘काय टाकू?’ मग खताची जादा गोणी किंवा औषधाची बाटली घरी येते. बीजांडच फळलेलं नसेल तर त्या गोणीचा त्याला काडीचा उपयोग नसतो.

म्हणून आधी फुलाच्या आत काय घडतं ते पाहू, मग मातीत काय घडतं ते.

फुलाच्या आत

पुंकेसरातला, म्हणजे फुलाच्या नर भागातला परागकण कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर येऊन पडणं म्हणजे परागीभवन. इथवर काम अर्धंच झालेलं असतं. कुक्षीवर ओल असेल तर परागकण फुगतो आणि त्यातून एक बारीक नळी निघते. ती कुक्षीखालच्या देठातून (कुक्षीवृंतातून) खाली वाढत अंडाशयातल्या बीजांडापर्यंत जाते. या परागनलिकेतून दोन पुंयुग्मक (नरपेशी) उतरतात. एक अंडपेशीशी एकरूप होतो आणि त्यातून भ्रूण, म्हणजे पुढचं रोप तयार होतं. दुसरा बीजांडाच्या मध्यावरच्या दोन केंद्रकांना मिळतो आणि त्यातून भ्रूणपोष तयार होतो. एका बीजांडात दोन वेळा घडणारं हे फलन रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवून दिलं.

भ्रूणपोष ही बाळरोपाची शिदोरी. ज्वारीच्या दाण्यात बहुतेक भाग तोच असतो, म्हणजे आपण भाकरी खातो ती मुख्यतः ज्वारीच्या भ्रूणपोषाची. नारळाचं पाणी आणि खोबरंही तेच. महत्त्वाचं हे की बहुतेक पिकांत फलन झालं तरच ही शिदोरी बांधायला सुरुवात होते, आणि त्यानंतरच झाड त्या जागेकडं साखर, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) ओढून न्यायला लागतं. न फळलेल्या फुलाला झाड फार काळ पोसत नाही. देठाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो आणि फूल गळून पडतं.

दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये अफूच्या झाडाची बीजांडं फुलाबाहेर काढून काचेच्या नळीत परागकणांशी गाठ घालून दिली. बीजांडं फळली आणि पुढं बियाही तयार झाल्या. फळायला परागकण पुरले. बी वाढायला मात्र नळीत पोषकद्रव्यांचं माध्यम द्यावं लागलं. शेतातही ही दोन कामं अशीच स्वतंत्र चालतात, फक्त ती एकाच झाडावर होत असल्यानं वेगळी दिसत नाहीत.

मक्याचे केस

कणसाचा प्रत्येक केस एका बीजांडाला जोडलेला असतो. पाचशे दाणे हवे असतील तर पाचशे केसांवर परागकण पडायला हवा. तुऱ्यातून पराग मुख्यतः सकाळी झडतो आणि एका शेतात हे काम साधारण आठवडाभर चालतं. उन्हाळी मक्यात पारा अडतीस-चाळीसच्या वर गेला की पराग मरायला लागतो. पाण्याचा ताण पडला तर केस बाहेर यायला उशीर होतो आणि ते येईपर्यंत पराग संपलेला असतो. लष्करी अळीनं केस कुरतडले तरी तेच होतं. बांधाच्या कडेनं एकच ओळ मका लावला तर पराग वाऱ्यावर भलतीकडं जातो आणि कणसं विरळ भरतात. म्हणून थोडाच मका लावायचा असेल तर एका लांब ओळीऐवजी चार-सहा ओळींचा चौकोनी तुकडा करावा.

फळलंय की नाही, हे दाणे भरेपर्यंत वाट न पाहता कळतं. केस बाहेर आल्यावर सात-आठ दिवसांनी वेगवेगळ्या जागची पाच-सहा कणसं तोडा. पात्याची टोकं जपून उभी चिरा, केस न ओढता पाती उलगडा आणि कणीस हळूच हलवा. फळलेल्या बीजांडाचा केस दोन-तीन दिवसांत बुडाशी सुटतो, तो गळून पडतो. न फळलेल्याचा चिकटून राहतो. बहुतेक केस गळाले तर फलन उत्तम झालंय, आता पुढच्या तीन आठवड्यांत पाणी तुटू द्यायचं नाही, कारण यापुढचं नुकसान पोषणाचं असतं. बरेच केस चिकटून असतील आणि बाहेरचा झुपका नेहमीपेक्षा लांब वाढलेला असेल, तर युरियाचा तिसरा हप्ता टाकून ते दाणे येणार नाहीत. तो पैसा वाचवा.

सीताफळाचा गुंता

बालाघाटच्या डोंगररांगा, धारूर, अंबाजोगाई, दौलताबादचा परिसर हे सीताफळाचं जुनं घर. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, अंबाजोगाईला या फळासाठी वेगळं संशोधन केंद्र आहे. झाड फुलांनी लगडतं आणि फळं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहतात, ही तक्रारही तितकीच जुनी. याचं मूळ फुलाच्या रचनेत आहे. सीताफळाच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, पण ते एका वेळी तयार होत नाहीत. आधी पाकळ्या जेमतेम उघडतात, कुक्षी ओलसर, चकचकीत असते आणि पराग घ्यायला तयार असते. पुंकेसर फुटून पराग सुटेपर्यंत ही कुक्षी सुकायला लागलेली असते. त्यामुळं फूल स्वतःचा पराग सहसा वापरू शकत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग आणून द्यायचं काम काही बारीक भुंगेरे करतात. ते पाकळ्यांच्या अरुंद फटीतून आत शिरतात. मधमाशीला तिथं जागाच नसते.

एप्रिल-मेच्या फुलांना फळ कमी लागतं त्यामागं कोरडी हवा आणि ऊन आहे: कुक्षी लवकर सुकते आणि भुंगेरेही कमी असतात. जूनमध्ये पाऊस पडून हवेत दमटपणा आला की त्याच झाडावर फळधारणा वाढते. ज्यांच्या बागेला पाणी आहे त्यांनी फुलोऱ्यात आळ्यात आच्छादन ठेवलं, सकाळी बागेत ओलावा धरला तर फरक दिसतो. झाडाखाली पडलेली फळं आणि पालापाचोळा जाळू नये, हे भुंगेरे त्यातच वाढतात. फुलोऱ्यात कीटकनाशक मारायची वेळ आलीच तर आधी खरंच गरज आहे का ते तपासावं.

थोडी झाडं असतील तर हातानं परागीभवन करणं सर्वांत खात्रीचं. दुपारनंतर, पाकळ्या बऱ्यापैकी उघडायला आलेली फुलं तोडून कागदाच्या पिशवीत किंवा उघड्या डब्यात रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी पुंकेसर करडे होऊन सुटे झालेले असतात. फुलं हलकेच झटकून पराग कागदावर घ्या. सहा ते नऊच्या दरम्यान, पाकळ्या अर्धवट उघडलेली आणि कुक्षी चकाकणारी फुलं शोधून मऊ ब्रशनं तो पराग आत गोलाकार फिरवा. एकाच बाजूला ब्रश टेकवला तर काम बिघडतं. सीताफळाचा प्रत्येक डोळा हा एका वेगळ्या स्त्रीकेसरापासून बनतो. जितके फळले तितके डोळे फुगतात, न फळलेल्या बाजूचे दबून राहतात. बाजारात दिसणारी वाकडी, एका अंगानं चेपलेली सीताफळं खताअभावी तशी झालेली नसतात. ती अर्धवट फळलेली असतात. जाड फांदीजवळच्या फुलांना पसंती द्या, टोकाच्या बारीक काडीला मोठं फळ पेलत नाही.

कलिंगडातही वाकडेपणाचं कारण हेच. तिथं नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागं बारीक केसाळ कलिंगड आधीच दिसतं. ते फूल एकाच सकाळी उघडं असतं आणि कुक्षीच्या तिन्ही भागांवर मिळून पाचशे ते हजार परागकण पडले तर फळ गोल भरतं. त्यासाठी मधमाशीच्या आठ-दहा फेऱ्या लागतात. कांद्याच्या बियाण्याचं उत्पादन घेणाऱ्यांना तर हे सांगायची गरज नाही, मधमाशी नसेल तर त्यांचे गोंडे पोकळ राहतात. म्हणून फुलोऱ्यातली फवारणी संध्याकाळी करावी, सकाळी कधीच नको. सकाळची फवारणी माशी तर मारतेच, शिवाय पाण्यात भिजलेला परागकण फुगून फुटतो. कपाशीचं फूल उघडलं त्या सकाळी पाऊस आला तर पाते-फुलं गळतात त्यातला एक भाग याचाच असतो.

तुरीचं मात्र वेगळं. तूर बहुतांश स्वतःच्याच परागानं फळते आणि तिची बरीचशी फुलं गळणं हा तिचा स्वभाव आहे. झाड पोसू शकेल त्यापेक्षा कितीतरी जास्त फुलं ती काढते. जमिनीवर फुलांचा सडा पाहून घाबरू नका, फांदीवर शेंगांचे झुपके धरतायत का ते पाहा. सोयाबीनचं फूल तर उघडण्याआधीच फळलेलं असतं, तिथं परागीभवनासाठी काही करायचं राहत नाही. ऑगस्टअखेर शेंगा गळतात त्या पाण्याच्या खंडामुळं, उन्हं झाकोळल्यामुळं किंवा दाटीमुळं.

गाय उलटते तेव्हा

जनावरांतही नेमका हाच भेद उपयोगी पडतो. गाय माजावर बारा ते अठरा तास असते. अंडं बीजकोशातून सुटतं ते माज संपल्यानंतर दहा-बारा तासांनी, आणि सुटल्यावर ते जेमतेम सहा ते दहा तास फळण्याजोगं राहतं. रेतनानंतर शुक्रजंतू गर्भाशयातून अंडनलिकेपर्यंत जाऊन फलनक्षम व्हायला काही तास लागतात, पुढं ते साधारण एक दिवस टिकतात. या वेळा जुळवायच्या म्हणून नियम असा: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तारेसारखा लोंबणारा स्वच्छ, काचेसारखा बळस (माजाचा चिकट स्राव) आणि दुसऱ्या जनावरानं अंगावर उडी घेतल्यावर स्थिर उभं राहणं, ही खरी खूण. नुसतं ओरडणं पुरेसं नाही.

गोठवलेल्या रेताची (वीर्याची) पाव मिलिलिटरची कांडी उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली असते. ती ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरून वितळवायची. खिशात, तळहातात किंवा उन्हात वितळवलेल्या कांडीतले शुक्रजंतू वाटेतच मरतात. रेतन करणाऱ्यानं पाण्याचं तापमान मोजलं का, एवढं पाहायला पशुपालकानं संकोच करू नये.

आता उलटणं. गाय १८ ते २४ दिवसांत पुन्हा माजावर आली तर फलन झालंच नाही, किंवा गर्भ अगदी सुरुवातीच्या दोन आठवड्यांत गेला. इथं माज ओळखण्याची वेळ, कांडी हाताळणी आणि गर्भाशयाचा दाह तपासावा. बळस ढगाळ किंवा पूमिश्रित असेल तर रेतन न करता आधी उपचार. २५ दिवसांनंतर, महिना-दीड महिन्यानं उलटली तर फलन झालं होतं, गर्भ टिकला नाही. तिथं आजार आणि पोषण दोन्हींकडं बघावं लागतं. गाय मुळात माजावरच येत नसेल तर पहिला संशय खुराकावर. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर असलेल्या देवणी किंवा लाल कंधारी गायीला प्रथिनं, स्फुरद आणि अ जीवनसत्त्व तिन्ही कमी पडतात. रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, थोडी पेंड आणि मिळेल तेवढा हिरवा चारा दोन-तीन महिने सलग दिला तर बरीच जनावरं माज दाखवू लागतात. पण चुकलेल्या वेळेला केलेलं रेतन कुठल्याच खनिज मिश्रणानं भरून निघत नाही.

मातीतलं काम

खत बीजांड फळवत नाही. ते फळलेल्याला पोसायचं साहित्य पुरवतं, आणि फूल निघण्याआधी झाड घडवतं.

युरियात ४६ टक्के नत्र. तो मातीत पडला की काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि मुळं मुख्यतः हे नायट्रेट उचलतात. मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठ. अशा विम्ल (अल्कधर्मी) जमिनीवर युरिया उघडा फेकून ठेवला तर अमोनियाचा वायू होऊन बराच नत्र हवेत जातो. म्हणून तो ओलीत, चार बोटं मातीआड द्यायचा. स्फुरदाचं दुखणं वेगळं. तो हवेत जात नाही, पण चुनखडीतल्या कॅल्शियमशी जोडला जाऊन मुळांना न मिळणारा होतो, आणि जागचा फारसा हलतही नाही. वर फेकलेला डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, नत्र-स्फुरदाचं खत) वरच राहतो. पेरताना बियाण्याच्या खाली-बाजूला पाच सेंटीमीटरवर पडला तरच कामाला येतो. झिंक सल्फेट डीएपीत मिसळून देऊ नका, दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात.

सोयाबीनचं उदाहरण घेऊ. शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक. एकरी ते १२, २४, १२ आणि ८ होतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या तीन गोण्या दिल्या की २४ किलो स्फुरद मिळतो आणि गंधक त्यातच येतो. नत्रासाठी २६ किलो युरिया, पालाशसाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. डीएपी वापरला तर ५२ किलो लागतो, त्यात साडेनऊ किलो नत्र येतो, युरिया सहा किलोच पुरतो, पण गंधक शून्य. तेलबियांच्या पिकात गंधकाची ही उणीव तेलात दिसते. डीएपी मिळाला नाही म्हणून पेरणी अडवून धरणं मात्र चूक आहे, सुपर फॉस्फेट सोयाबीनला कांकणभर सरसच.

सोयाबीनला लागणारा बराचसा नत्र मुळांवरच्या गाठींतून येतो. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (या गाठी तयार करणाऱ्या जिवाणूंचं खत) चोळा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सर्वांत शेवटी जिवाणू, सावलीत वाळवा आणि लगेच पेरा. पस्तिसाव्या-चाळिसाव्या दिवशी एक झाड मातीसकट उपटून गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर गाठ काम करतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. गाठी गुलाबी असताना वरून युरिया टाकला तर त्या काम कमी करतात, म्हणजे फुकट मिळणारं सोडून आपण विकत घेतो.

शेणखताच्या एका टनात जेमतेम पाच किलो नत्र असतं. नुसत्या आकड्यानं ते युरियाच्या पाव गोणीइतकं भरतं, पण शेणखताचं मोल त्यात नाही. ते जमिनीत ओल धरतं, जिवाणूंना खाद्य देतं, जस्त-लोहासारखी सूक्ष्मद्रव्यं मुळांना मिळण्याजोगी ठेवतं. पावसाच्या खंडात हा ओलावा दोन-चार दिवस जास्त टिकला तर शेंगा वाचतात. मात्र ते पूर्ण कुजलेलं हवं. उकिरड्यावरचं कच्चं शेण रानात टाकलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, तणाचं बी येतं, आणि ते कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात, म्हणून पीक महिनाभर पिवळं पडतं. पऱ्हाट्या आणि सोयाबीनची गुळी जाळण्याऐवजी खड्ड्यात शेणकाल्याचे थर देऊन तीन-चार महिने ओली ठेवली की तेच खत तयार होतं. मुठीत दाबल्यावर ओल लागावी, पाणी गळू नये, एवढाच ओलावा.

दोन्ही कामं एकमेकांत शिरतात ती जागा

परागनलिका वाढायला बोरॉन लागतं. त्याची कमतरता असेल तर पराग भरपूर असूनही बीजांड फळत नाही. फुलोरा सुरू होण्याआधी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम बोरिक आम्लाची फवारणी पुरते. बोरॉनमध्ये गरज आणि विषबाधा यांत अंतर थोडं असतं, म्हणून ‘थोडं जास्त’ करू नये.

दुसरी जागा जादा नत्राची. कपाशी किंवा तूर नत्रानं माजली की झाड पानं-फांद्या वाढवत राहतं, आतल्या भागात उजेड पोहोचत नाही आणि साखर फुलांपर्यंत जात नाही. फुलं चांगली फळलेली असूनही गळतात. असं हिरवंगार, उंच वाढलेलं रान पाहून नत्राचा आणखी हप्ता देणं हे सर्वांत महागाचं चुकणं.

तिसरी जागा पाण्याची. ताण पडला तर मातीत खत असूनही ते विरघळून मुळात जात नाही, आणि कुक्षीही सुकते. मोठ्या खंडात मुळं काम करेनाशी झाली असतील तर पानावाटे थोडं देता येतं. २ टक्के डीएपीसाठी २०० ग्रॅम डीएपी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी वरची निवळी गाळून दहा लिटर करा आणि संध्याकाळी फवारा. हा तात्पुरता आधार आहे, जमिनीतल्या खताला पर्याय नाही.

बागेत किंवा वेलवर्गात दोष कुठला हे ठरत नसेल तर पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी करा. एकाच दिवशी उघडलेली वीस फुलं निवडा, दहा फुलांवर ब्रशनं भरपूर पराग लावा आणि दोऱ्यानं खूण करा, दहा तशीच सोडून त्यांनाही वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. दहा-बारा दिवसांनी मोजा. पराग लावलेली धरली आणि बाकीची गळाली तर कमतरता परागाची: मधमाशी, ओलावा, फवारणीची वेळ इकडं लक्ष द्या. दोन्ही सारखीच गळाली तर पाणी, अन्नद्रव्यं किंवा मुळांचा रोग शोधा, आणि त्यासाठी मातीचा नमुना द्या. बांध, विहीर, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीस सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, फळबागेत खालच्या थराचा नमुना वेगळा. खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती खुरप्यानं तासा, सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. खताच्या रिकाम्या गोणीत हा नमुना भरू नका, अहवालात त्या खताचेच आकडे येतील.